हॉप्सच्या दरवळाची पेल एल घरी कशी बनवावी: पहिल्या बॅचसाठी पायरी-पायरीने

घरी बिअर बनवायला निघालेला नवखा माणूस सगळा जीव रेसिपीत ओततो. कोणता माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) किती, कोणते हॉप्स (बिअरला कडवटपणा आणि वास देणारी एका वेलीची फुलं) कितव्या मिनिटाला, यावर त्याच्या रात्री जातात. मग एकदा उकळी संपली, यीस्ट पडलं, की तो सुटकेचा नि:श्वास टाकतो. हॉप्सवाली पेल एल (फिकट रंगाची बिअर) बिघडते ती बहुतेक वेळा इथून पुढे. गरम वर्ट (माल्टचा गोड काढा, ज्याची पुढे बिअर होते) बराच निगरगट्ट असतो, तो तुमच्या लहानसहान चुका पोटात घालतो. थंड झालेली बिअर तसं करत नाही. तिला जंतू चालत नाहीत, उष्मा चालत नाही, आणि हवा तर अजिबात चालत नाही. म्हणून या लेखात शेवटच्या पायऱ्यांवर जास्त वेळ घालवला आहे. वाचतानाही तिथेच रेंगाळा.

आपण बनवणार आहोत ती अमेरिकन धर्तीची पेल एल: रंगाने सोनेरी ते फिकट तांबूस, सव्वापाच टक्क्यांच्या आसपास मद्यार्क, नेमका कडवटपणा आणि नाकाला आधी जाणवणारा लिंबूवर्गीय फळांचा वास. ही शैली उभी राहिली कॅस्केड नावाच्या हॉप्सवर. ते १९७२ साली लागवडीसाठी बाहेर आले, आणि कॅलिफोर्नियातल्या चिको गावी सिएरा नेवाडा ब्रुअरीने १९८० मध्ये त्यांच्यावर आधारलेली पेल एल बनवायला घेतली. पहिल्या बॅचसाठी आजही मी कॅस्केडच सुचवेन. नव्या, महागड्या, उग्र वाणांच्या मागे लागायला पुढे आयुष्य पडलंय.

बॅच १० लिटरची धरू. वीस लिटरच्या रेसिपी जास्त सापडतात, पण घरातल्या शेगडीवर वीस लिटर उकळवणं आणि नंतर ते थंड करणं ही दोन्ही कामं नवख्याचा जीव काढतात. उकळण्याच्या दिवशी पाच-सहा तास हाताशी ठेवा. त्यानंतर बिअर आंबायला सुमारे दोन आठवडे आणि बाटलीत मुरायला आणखी दोन.

१. सगळ्यात आधी कायदा पाहा

काही देशांत घरगुती बिअरला पूर्ण मोकळीक आहे, काही ठिकाणी मर्यादा आहे, काही ठिकाणी ती सरळ गुन्हा आहे. ब्रिटनमध्ये परवान्याची अट १९६३ साली गेली. अमेरिकेत केंद्रीय पातळीवरची बंदी १९७८ च्या कायद्याने उठली, पण तिथेही राज्याराज्याचे नियम निराळे आहेत. जपानमध्ये परवान्याशिवाय १ टक्का किंवा त्याहून जास्त मद्यार्क असलेलं पेय घरी बनवता येत नाही. तुम्ही राहता तिथला उत्पादन शुल्काचा नियम, वयाची अट, किती लिटरपर्यंत सूट आणि विक्रीवरचे निर्बंध हे मुळातून वाचा. परवाना लागत असेल तर तो हातात आल्याशिवाय माल्ट विकत घेऊ नका. जिथे परवानगी असते तिथेही ती जवळपास नेहमी स्वतःपुरती असते, विकण्यासाठी नसते.

एक प्रश्न हमखास येतो: यात विषारी मिथेनॉल तयार होईल का? धान्याच्या बिअरमध्ये ते नगण्य असतं. लोक दगावतात ते भेसळीच्या किंवा बेजबाबदारपणे गाळलेल्या दारूने. आपण काहीही ऊर्ध्वपातित करणार नाही आहोत. ते वेगळं आणि धोक्याचं काम आहे, आणि बहुतेक देशांत बेकायदाही.

२. सामान जमवा

उपकरणं:

- २५ ते ३० लिटरचं स्टीलचं पातेलं, झाकणासह
- पातेल्याच्या आत पूर्ण पसरेल एवढी बारीक जाळीची नायलॉन पिशवी
- थर्मामीटर (अंदाज चालणार नाही)
- हायड्रोमीटर (द्रवाची घनता, म्हणजे त्यात साखर किती ते, मोजणारं उपकरण) आणि त्याची उंच नळी
- १२ ते १५ लिटरचा, खाण्याच्या वस्तूंसाठी योग्य प्लास्टिकचा फर्मेंटर (बिअर आंबवायचं भांडं). घट्ट झाकण, एअरलॉक (वायू बाहेर सोडणारी, पण हवा आत येऊ न देणारी नळी) आणि तळाशी तोटी असलेला
- एक ग्रॅमपर्यंत अचूक वजनकाटा
- ५०० मिलीच्या २० तपकिरी बाटल्या, क्राऊन बुचं आणि ती बसवायचं यंत्र
- बाटली तळापासून भरायची, टोकाला झडप असलेली नळी
- घाणीचा थर काढणारा क्लीनर आणि धुवावं न लागणारं, फॉस्फोरिक आम्लाचं सॅनिटायझर
- खुणा केलेली लांब लाकडी पट्टी

शेवटची वस्तू कोणत्याही यादीत नसते, पण ती मला सगळ्यात उपयोगी वाटते. पातेल्यात एकेक लिटर पाणी ओतत जा आणि पट्टीवर चाकूने खाचा पाडा. उकळत्या वर्टमध्ये नेमके किती लिटर उरलेत हे त्याशिवाय कळत नाही.

घटक:

- पेल माल्ट २.६ किलो
- फिका कॅरॅमल माल्ट २०० ग्रॅम
- गव्हाचा माल्ट १५० ग्रॅम (फेस टिकावा म्हणून)
- मॅग्नम हॉप्स ८ ग्रॅम, अल्फा आम्ल १२ टक्के धरून
- कॅस्केड हॉप्स ५० ग्रॅम
- सिट्रा हॉप्स ३५ ग्रॅम
- यूएस-०५ किंवा तत्सम स्वच्छ चवीचं कोरडं एल यीस्ट, एक पुडी
- जिप्सम ४ ग्रॅम
- साखर ६० ग्रॅम, बाटल्यांसाठी

माल्ट दुकानातूनच भरडून घ्या. दाणा फुटलेला हवा, पण टरफल शाबूत. पीठ झालं तर पिशवी तुंबते. भरडलेला माल्ट दोन-तीन आठवड्यांत वापरून टाका.

हॉप्सच्या पाकिटावर दोन गोष्टी वाचा. पहिली, हंगामाचं वर्ष. हॉप्सचं पीक वर्षातून एकदाच येतं, तेव्हा तीन वर्षांपूर्वीचं पाकीट स्वस्त मिळालं तरी घेऊ नका. दुसरी, अल्फा आम्लाची टक्केवारी. कडवटपणा या आम्लांपासून येतो आणि त्यांचं प्रमाण दरवर्षी बदलतं. वर मॅग्नमचे ८ ग्रॅम १२ टक्क्यांनी गुणले तर ९६ येतात. तुमच्या पाकिटावर जो आकडा असेल त्याने ९६ ला भागा, तितके ग्रॅम घाला. मॅग्नम मिळालंच नाही आणि ६ टक्क्यांचं कॅस्केड हाताशी असेल, तर १६ ग्रॅम. पाकीट हवाबंद असावं, घरी आल्यावर थेट फ्रीझरमध्ये जावं. उघडल्यावर जुन्या चीजसारखा वास आला तर ते हॉप्स फेकून द्या, उकळून तो वास जात नाही.

माल्ट भिजवण्याचा व्याप नको असेल तर पेल माल्ट आणि गव्हाच्या माल्टऐवजी १.५ किलो फिकट कोरडा माल्ट एक्स्ट्रॅक्ट (माल्टच्या काढ्याची तयार भुकटी) घ्या. पिशवीत फक्त कॅरॅमल माल्ट अर्धा तास गरम पाण्यात भिजवा, बाहेर काढा, एक्स्ट्रॅक्ट विरघळवा आणि थेट पायरी ६ वर या. यात कमीपणा काही नाही. हॉप्सच्या बाजूचं सगळं शिक्षण या वाटेनेही होतं.

३. पाणी

नळाच्या पाण्यात क्लोरीन किंवा क्लोरामाइन असतं. यीस्टच्या आणि माल्टच्या संगतीत त्यांचं क्लोरोफेनॉल होतं, आणि बिअरला दवाखान्याचा वास येतो. अगदी अल्प प्रमाणातही तो लपत नाही. उकळून क्लोरीन जातं, क्लोरामाइन सहज जात नाही. त्यावर सोपा उपाय म्हणजे कॅम्पडेन गोळी, म्हणजे मेटाबायसल्फाइट. एक गोळी सुमारे ७५ लिटरला पुरते, तेव्हा आपल्या १८ लिटरला पाव गोळी चुरून टाका आणि ढवळा. काही मिनिटांत काम होतं.

जिप्सम घालायचं ते सल्फेटसाठी. सल्फेटमुळे हॉप्सचा कडवटपणा कोरडा आणि धारदार लागतो. इंग्लंडमधल्या बर्टन-ऑन-ट्रेंट गावच्या पेल एलचा जो लौकिक झाला, त्यामागे तिथल्या विहिरींचं सल्फेटने भरलेलं पाणी होतं. तुमचं पाणी मऊ असेल किंवा आरओचं असेल तर १८ लिटरला ४ ग्रॅम पुरेत. आधीच जड असेल तर जिप्सम सोडून द्या. पाण्याच्या रसायनशास्त्रात पहिल्या बॅचला यापेक्षा खोल उतरू नये, तिथून लोक लवकर परत येत नाहीत.

४. स्वच्छ आणि निर्जंतुक ही दोन वेगळी कामं आहेत

घाण असलेल्या पृष्ठभागावर सॅनिटायझर ओतून काही होत नाही. आधी क्लीनरने घासून, विसळून सगळा थर काढायचा, मग सॅनिटायझर. फर्मेंटरची तोटी सुटी करून धुवा, तिच्या आट्यांमध्ये जुन्या बॅचचा साका हमखास दडलेला असतो. प्लास्टिकला आतून तारेची घासणी लावू नका. ओरखडा पडला की जंतूंना कायमचं घर मिळतं.

फॉस्फोरिक आम्लाचं सॅनिटायझर साधारणपणे लिटरला दीड मिली या प्रमाणात लागतं, तरी बाटलीवरची सूचना अंतिम माना. त्याचा खूप फेस होतो आणि तो धुवायचा नसतो. नळाच्या पाण्याने धुतलात तर केलेलं काम पुसलंत. थोडं द्रावण फवाऱ्याच्या बाटलीत भरून ठेवा. कात्री, यीस्टची पुडी, तुमचे हात, सगळ्यावर मारता येतं. घरातलं ब्लीच आणि आम्ल कधीही एकत्र येऊ देऊ नका, विषारी वायू सुटतो.

उकळीच्या आधी वर्टला लागणारी भांडी नुसती स्वच्छ असली तरी भागतं. उकळीनंतर जे जे बिअरला शिवेल ते निर्जंतुकच हवं.

५. मॅश: माल्टमधली साखर काढणे

१८ लिटर पाण्यात जिप्सम घाला आणि पाणी ६९ अंश सेल्सिअसपर्यंत तापवा. आच बंद करा, पिशवी आत पसरा आणि माल्ट थोडा थोडा ओतत ढवळत राहा. गुठळ्या होऊ देऊ नका, गुठळीच्या आतला माल्ट कोरडाच राहतो. सगळा माल्ट पडल्यावर तापमान ६६ च्या आसपास येऊन थांबेल. झाकण लावा, पातेलं जुन्या चादरीत किंवा रजईत गुंडाळा आणि तासभर हात लावू नका. मध्ये एकदा उघडून ढवळलं तर चालेल. शेगडी चालू असताना चादर जवळ नको, हे वेगळं सांगायला नको.

या तासाभरात माल्टमधली विकरं स्टार्च तोडून साखर करतात. ६२-६४ अंशांना जास्त आंबणारी साखर मिळते आणि बिअर हलकी, कोरडी होते. ६९-७० ला न आंबणारा भाग जास्त राहतो आणि बिअर अंगाने भरीव होते. आपल्याला मधलं हवंय. अंश-दीड अंश इकडेतिकडे झालं तर काळजी नको. ७५ च्या वर गेलात तर मात्र विकरं मरतात आणि हातात गढूळ पेज उरते.

तासाने पिशवी उचला, निथळू द्या आणि खुशाल पिळा. पिशवी पिळली की तुरटपणा उतरतो असं अजूनही सांगितलं जातं. तुरटपणा उतरतो तो जास्त तापमानाने आणि पाण्याचा पीएच चढल्याने, पिळण्याने नाही. हातमोजे घाला, चोथा चांगलाच गरम असतो. पातेल्यात सुमारे १५ लिटर गोड काढा उरला पाहिजे. हाच वर्ट.

६. उकळी

झाकण न लावता ६० मिनिटं खळखळून उकळायचं. झाकण उघडं ठेवण्यामागे कारण आहे: माल्टमधून डीएमएस नावाचं गंधकयुक्त द्रव्य तयार होतं, त्याला शिजलेल्या मक्यासारखा वास असतो, आणि ते वाफेबरोबर निघून जावं लागतं. झाकण ठेवलं तर ते थेंबाथेंबाने परत आत पडतं.

पहिली उकळी फुटते तो क्षण धोक्याचा. प्रथिनांचा जाड फेस बघता बघता वर येतो आणि उतू जातो. त्या दहा मिनिटांत पातेल्यासमोरून हलू नका. आच कमी करा, गार पाणी फवारा, फेस बसला की पुढे चला. पहिले हॉप्स टाकताना तो पुन्हा एकदा उसळतो.

वेळापत्रक असं:

- ६० मिनिटं शिल्लक असताना: मॅग्नम ८ ग्रॅम
- १० मिनिटं शिल्लक असताना: कॅस्केड १५ ग्रॅम
- आच बंद: पुढची पायरी

अल्फा आम्लं पाण्यात नीट विरघळत नाहीत. दीर्घ उकळीत त्यांची रचना बदलते, मग ती विरघळतात आणि कडू लागतात. याउलट वास ज्या तेलांमध्ये असतो ती तेलं याच उकळीत उडून जातात. म्हणून लवकर टाकलेले हॉप्स कडवटपणा देतात आणि उशिरा टाकलेले वास. या बॅचचा कडवटपणा ३५ आयबीयूच्या (हे कडवटपणाचं एकक) आसपास येईल.

उकळी संपेस्तोवर पातेल्यात साधारण १२ लिटर उरायला हवेत. पट्टी बुडवून बघा. जास्त असेल तर आणखी दहा मिनिटं उकळा, कमी झालं असेल तर उकळलेलं पाणी घाला.

७. गरम हॉप्स मुरवा, मग झटपट थंड करा

आच बंद केल्यावर पातेलं ८० अंशांपर्यंत उतरू द्या. आता कॅस्केड १५ ग्रॅम आणि सिट्रा १५ ग्रॅम टाका, गोल ढवळून भोवरा करा आणि झाकण लावून २० मिनिटं ठेवा. या तापमानाला तेलं बऱ्यापैकी टिकतात आणि कडवटपणा फार वाढत नाही. पेल एलमध्ये हॉप्सची जी 'चव' लागते, वासापेक्षा निराळी अशी जिभेवरची, ती मुख्यतः इथून येते. घाईत ही पायरी गाळू नका.

त्यानंतर वर्ट २० अंशांपर्यंत आणायचा, जितक्या लवकर जमेल तितका. तांब्याच्या नळीचा कूलर असेल तर उत्तम. नसेल तर बर्फाच्या पाण्याने भरलेल्या मोठ्या टबात पातेलं ठेवा, बाहेरचं पाणी बदलत राहा आणि आतला वर्ट निर्जंतुक चमच्याने हळूहळू फिरवा. बर्फ थेट वर्टमध्ये टाकायचा मोह आवरा, त्यात काय काय गोठलंय ते तुम्हाला माहीत नसतं.

थंड झालेला वर्ट फर्मेंटरमध्ये ओता, तळाचा गाळ शक्यतो मागे ठेवा. ओतताना उंचावरून धार धरली तरी चालेल. प्राणवायू बिअरला चालतो तो एवढ्या एकाच वेळी, यीस्ट पडण्याआधी.

नळीत नमुना घेऊन हायड्रोमीटर बुडवा. १.०५० ते १.०५३ हा आकडा अपेक्षित आहे. वहीत लिहा. नमुना २० अंशांना असताना वाचा. गरम वर्टमध्ये आकडा खोटा कमी दिसतो. वाचून झालेला नमुना फर्मेंटरमध्ये परत ओतू नका, चाखून बघा. गोड आणि कडू एकदमच लागेल, बिअरसारखं काहीच लागणार नाही.

चोथा आणि वापरलेले हॉप्स झाकणाच्या डब्यात टाका. घरात कुत्रा असेल तर ही सूचना दुप्पट गांभीर्याने घ्या: हॉप्स कुत्र्यांना विषारी असतात, त्यांच्या शरीराचं तापमान जीवघेणं चढू शकतं.

८. यीस्ट आणि तापमान

कोरडं यीस्ट वर्टच्या पृष्ठभागावर भुरभुरवा. १० लिटरला ५ ते ८ ग्रॅम लागतं. पुडी ११.५ ग्रॅमची असेल आणि ती अख्खी टाकली तरी बिघडत नाही. उलट अर्धी पुडी महिनोन्महिने उघडी ठेवणं वाईट. झाकण लावा, एअरलॉकमध्ये सॅनिटायझर भरा.

आता तापमान. यूएस-०५ जातीच्या यीस्टला १८ ते २० अंश मानवतात. हे बिअरचं तापमान आहे, खोलीचं नव्हे. आंबताना बिअर स्वतः उष्णता सोडते आणि पहिल्या दोन-तीन दिवसांत खोलीपेक्षा काही अंश वर चढते. म्हणजे २४ अंशांच्या खोलीत ठेवलेला फर्मेंटर आतून २७-२८ वर गेलेला असू शकतो. तेवढ्या उष्म्यात यीस्ट झणझणीत मद्यगंध आणि नको तो फळाळपणा सोडतं, आणि तुमच्या हॉप्सचा वास त्याखाली दबतो.

फर्मेंटरच्या अंगावर चिकटपट्टीचा थर्मामीटर लावा. खोली गरम असेल तर फर्मेंटर पाण्याच्या टबात उभा करा आणि गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्या सकाळ-संध्याकाळ बदला. पहिले तीन-चार दिवस हे सांभाळलंत तर पुढे फारसं काही करावं लागत नाही. शेवटी तापमान २१ पर्यंत चढलं तर चांगलंच, यीस्ट आपला पसारा आवरून घेतं. खोली कायमच तिशीत राहत असेल तर यूएस-०५ शी झगडू नका. नॉर्वेमधलं व्हॉस जातीचं क्वाइक यीस्ट घ्या. ते ३० ते ४० अंशांना खुशीत काम करतं आणि त्याचा संत्र्याकडे झुकणारा वास या हॉप्सशी जुळतोही.

९. आंबू द्या, आणि झाकण उघडू नका

बारा ते चोवीस तासांत एअरलॉक बुडबुडायला लागेल, वर तपकिरी फेसाचा जाड थर येईल. काही जणांचा एअरलॉक बुडबुडतच नाही, कारण झाकणाच्या कडेने वायू निसटतो. बुडबुड्यांवरून काहीही ठरवू नका. हायड्रोमीटरच काय ते सांगेल.

सातव्या दिवशी तोटीतून नमुना घ्या. आकडा १.०१० ते १.०१३ च्या दरम्यान असेल. दोन दिवसांनी पुन्हा घ्या. दोन्ही वेळा तोच आकडा आला तर आंबणं थांबलं. सुरुवातीच्या आकड्यातून शेवटचा वजा करा आणि १३१.२५ ने गुणा: १.०५२ वरून १.०११ झालं असेल तर ०.०४१ गुणिले १३१.२५, म्हणजे सुमारे ५.४ टक्के मद्यार्क.

नमुना चाखाच. हिरव्या सफरचंदासारखी किंवा लोण्यासारखी चव आली तर आकडा काहीही म्हणो, आणखी तीन-चार दिवस थांबा. यीस्टने स्वतःच टाकलेला हा कचरा ते स्वतःच गोळा करतं.

वाट पाहताना दुसऱ्या भांड्यात बिअर ओतून 'दुय्यम आंबवणी' करण्याचा सल्ला जुन्या लिखाणात भेटेल. या बिअरसाठी तो विसरा. दोन-तीन आठवडे साक्यावर राहिल्याने काही होत नाही. भांडं बदलताना हवा मात्र नक्की शिरते.

१०. ड्राय हॉपिंग: इथे सगळं ठरतं

आंबणं थांबल्याची खात्री झाल्यावर कॅस्केड २० ग्रॅम आणि सिट्रा २० ग्रॅम थेट बिअरमध्ये टाका. उकळी नाही, उष्णता नाही, त्यामुळे तेलांचा वास जसाच्या तसा उतरतो. मद्यार्क तयार झालेला असतो आणि हॉप्समध्ये स्वतःचे जंतुरोधक गुण असतात, तेव्हा संसर्गाची भीती कमी. घाबरायचं ते प्राणवायूला.

हवा लागलेली हॉप्सवाली बिअर ओळखता येते. आधी वास मंदावतो, मग सोनेरी रंग मळकट तपकिरी होत जातो आणि शेवटी ओल्या पुठ्ठ्यासारखी, शिळ्या मधासारखी चव येते. हॉप्स जितके जास्त, तितकं हे लवकर होतं. म्हणून झाकण पूर्ण न काढता कडेने जरासं उचला, हॉप्स एका झटक्यात आत टाका, झाकण बंद. हॉप्स आधीच वजन करून वाटीत तयार ठेवा. ढवळू नका. आत साठलेला कार्बन डायऑक्साइड हीच तुमची ढाल आहे, ती उगाच उडवून लावू नका.

हॉप्स पिशवीत बांधून टाकावेत की मोकळे? मोकळे टाकले तर वास जास्त उतरतो, पण तोटी तुंबू शकते. तोटीच्या आतल्या तोंडाला गाळणी असेल तर मोकळे टाका.

तीन दिवस पुरेत. आठवडाभर ठेवल्याने वास वाढत नाही, पाला चावल्यासारखी चव मात्र यायला लागते. आणि तिसऱ्या दिवशी हायड्रोमीटर पुन्हा बुडवा. हॉप्समध्ये काही विकरं असतात जी उरलेली न आंबणारी साखर तोडतात, आणि झोपलेलं यीस्ट पुन्हा कामाला लागतं. आकडा खाली सरकला असेल तर तो स्थिर होईपर्यंत थांबणं भाग आहे. दोन अंकांची घसरण, म्हणजे १.०११ वरून १.००९, बाटलीच्या आत झाली तर प्रत्येक लिटर बिअरमागे सुमारे एक लिटर जास्तीचा वायू तयार होतो. काच त्यासाठी बनलेली नसते.

बिअर निवळावी म्हणून दोन दिवस फ्रिजमध्ये ठेवायची असेल तर एक सापळा आहे: थंड होताना आतली हवा आकुंचन पावते आणि एअरलॉकमधून सॅनिटायझरसकट बाहेरची हवा आत ओढली जाते. थंड करण्याआधी एअरलॉक काढून तिथे घट्ट बूच बसवा. प्लास्टिकचा फर्मेंटर जरा आत चेपला जाईल, जाऊ द्या.

११. बाटल्या भरणे

बाटल्या तपकिरीच हव्यात. उजेडात हॉप्समधल्या द्रव्यांपासून गंधकयुक्त संयुग तयार होतं आणि बिअरला कुबट, प्राण्याच्या अंगासारखा वास येतो. पारदर्शक किंवा हिरव्या काचेत, उन्हात, हे काही मिनिटांत होऊ शकतं. वापरून फेकायच्या पातळ काचेच्या बाटल्या घेऊ नका.

बहुतेक जण साखरेचं पाणी दुसऱ्या भांड्यात घेऊन त्यात सगळी बिअर ओततात. मला ती पद्धत या बिअरसाठी पटत नाही, कारण तिथे पुन्हा हवेची गाठ पडते. त्याऐवजी ६० ग्रॅम साखर थोड्या पाण्यात उकळा, गार झाल्यावर उकळलेलं पाणी घालून पाक बरोबर १०० मिली करा. निर्जंतुक सिरिंजने प्रत्येक ५०० मिलीच्या बाटलीत ५ मिली टाका. प्रत्येक बाटलीत ३ ग्रॅम साखर गेली. ३३० मिलीची बाटली असेल तर ३.३ मिली. अंदाजे चमच्याने कोरडी साखर टाकणं म्हणजे एक बाटली पाणचट आणि दुसरी कारंजं.

मग भरायची नळी तोटीला लावा, बाटलीच्या तळाला टेकवा आणि खालून वर भरत या. बिअर खळखळता कामा नये. वर तीन-चार सेंटिमीटर जागा ठेवा आणि लगेच बूच दाबा. भरताना थोडा फेस वर आला असेल तर फारच छान, फेसावरच बूच बसवा. आतली हवा त्याने बाहेर ढकलली जाते.

एक बाटली प्लास्टिकची भरा, सोड्याच्या जाड बाटलीसारखी. काचेच्या आत दाब किती झालाय ते दिसत नाही, पण प्लास्टिकची बाटली दाबून बघता येते. ती दगडासारखी टणक झाली की बाकीच्याही तयार होत आल्यात.

२० ते २२ अंशांना, अंधारात, खोक्यात झाकून दोन आठवडे ठेवा. सगळ्या बाटल्या लगेच फ्रिजमध्ये टाकल्यात तर यीस्ट झोपून जाईल आणि वायू तयारच होणार नाही. हा सगळ्यात जास्त होणारा घोटाळा आहे.

१२. काही बिघडलंच तर

दोन आठवड्यांनीही बिअर सपाट आहे: बाटल्या थंड जागी होत्या. उबदार ठिकाणी हलवा, हळूच उलटी-सुलटी करा, आठवडाभर थांबा.

उघडताच कारंजं उडतं: एखाद्याच बाटलीचं असेल तर ती बाटली नीट धुतलेली नव्हती. सगळ्याच तशा असतील तर आंबणं पूर्ण झालं नव्हतं. उरलेल्या ताबडतोब फ्रिजमध्ये ठेवा; हाताळताना जाड हातमोजे आणि चष्मा घाला.

आंबट आणि बाटलीच्या मानेत पांढरं कडं: संसर्ग. तोटी आणि नळ्या फेकून नव्या घ्या, घासत बसू नका.

दवाखान्याचा वास: पायरी ३ पुन्हा वाचा.

वास छान पण कडवटपणा घशात खरवडतो: पहिल्या आठवड्यात हे होतं. हॉप्सची बारीक भुकटी अजून तरंगत असते. बाटल्या चार दिवस फ्रिजमध्ये उभ्या ठेवल्यावर पुन्हा चाखा.

१३. पिणे

प्यायच्या आदल्या दिवशी बाटली फ्रिजमध्ये उभी ठेवा, आडवी नको. ६ ते ८ अंशांना प्या. त्याहून गार असेल तर ज्या वासासाठी एवढा खटाटोप केला तोच दबून राहतो. ग्लास तिरका धरून एका सलग धारेत ओता आणि तळाचा बोटभर साका बाटलीतच ठेवा. तो विषारी नाही, फक्त चवीला पिठूळ आणि पोटाला जरा जड.

तयार झालेल्या बाटल्या फ्रिजमध्येच साठवा आणि दीड-दोन महिन्यांत संपवा. पाहुण्यांसाठी म्हणून जपून ठेवलेली पेल एल पाहुणे येईपर्यंत निराळीच बिअर झालेली असते. मुरवत ठेवायची हौस असेल तर त्यासाठी दणकट स्टाउट (गडद काळी बिअर) बनवा.

रिकामी बाटली त्याच वेळी गरम पाण्याने दोनदा विसळून उलटी ठेवा. साका एकदा वाळला की ब्रशलाही दाद देत नाही.